हात लावायचा नाही

"दुसरी कुठे आहे?" त्या बाईनं मला विचारलं.

मी धक्क्यावर दोन्ही सॅका पायाशी ठेवून उभी होते. पानाहाचेलला जाणारी सकाळची लाँच समोरच लागली होती. आठदहा माणसं, कोंबड्यांची एक पाटी, गॅसची रिकामी सिलिंडरं, सगळं चढवून झालं होतं. अरू तेवढ्यात पाण्याच्या बाटल्या भरून आणते म्हणून परत खाणावळीकडे गेली होती.

"दुसरी कोण?" मी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाले. हा निव्वळ वेळकाढूपणा होता. त्या गावात बाहेरच्या अशा आम्ही दोघीच होतो.

"निळ्या ओढणीवाली. काल बाजारात होती ती."

बाई पन्नाशीची असेल. ठेंगणी, अंगात भरतकामाचं जाड पोलकं, कमरेला घट्ट पट्टा. आवाज चढलेला नव्हता, पण डोळे तारवटलेले होते. तिच्यामागे चारपाच बायका होत्या आणि एक तरुण पुरुष. तो लाँचवाल्याशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. लाँचवाल्यानं माझ्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. लाँचमधल्या एकाही माणसानं कुरकुर केली नाही. एका म्हातारबाबांनी कोंबड्यांची पाटी मांडीवरून खाली ठेवली आणि ते नीट टेकून बसले. आता वेळ लागणार हे त्यांना कळलं होतं. मला काहीच कळत नव्हतं.

"ती येईलच," मी म्हणाले. "पण झालंय काय?"

"पोर आजारी आहे," बाई म्हणाली. "कालपासून. तिच्यामुळे."

मी जन्माची भित्री. कराडला शाळेत असताना कृष्णेचा पूल ओलांडताना मी अरूचा हात धरायचे आणि ती मुद्दाम कठड्यावरून वाकून दाखवायची. पंधरा वर्षांपूर्वी मी मेक्सिकोत एका कंपनीच्या कामावर होते, तेव्हा ती महिनाभरासाठी माझ्याकडे आली ती पाठीवर सॅक घेऊनच. "तुझ्या घरात बसून भांडी घासायला नाही आले मी," म्हणाली. "जिथं आपल्याला काळं कुत्रं ओळखत नाही, अशा ठिकाणी ने." म्हणून आम्ही बसगाड्या बदलत बदलत ग्वातेमालात उतरलो आणि आतित्लान नावाच्या अवाढव्य तळ्याच्या काठची गावं लाँचनं पालथी घालायला लागलो. भोवती ज्वालामुखी, आणि त्यांच्या पायथ्याला चिकटलेली गावं. मिळेल त्या स्वस्त खोलीत पथारी टाकायची, बाजारातून मक्याच्या गरम भाकऱ्या आणि अवाकाडो आणायचे, त्यावर अरूच्या सॅकमधली शेंगदाण्याची चटणी. तिची सॅक म्हणजे वाण्याचं दुकान होतं.

आधीच्या गावात आम्ही ज्याच्याकडे उतरलो होतो त्या म्हाताऱ्या बेल्जियन माणसानं मला चांगलंच घाबरवून ठेवलं होतं. डोंगरातल्या लहान गावांत म्हणे लोकांच्या मनात धास्ती असते, की परदेशी माणसं मुलं पळवायला येतात. कुठल्याशा गावात पूर्वी एका पाहुण्याला जमावानं दगडांनी मारलं होतं, केवळ एका पोराचा गालगुच्चा घेतला म्हणून. "मुलांचे फोटो काढायचे नाहीत. मुलांना हात लावायचा नाही," त्यानं बोट नाचवत सांगितलं. मी ते अरूला दिवसातून चारदा ऐकवायचे.

"मला नको सांगूस," ती म्हणायची. "हात न लावण्यात मी एम.ए. आहे."

हसत म्हणायची, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तिचं मूल सातव्या महिन्यात गेलं होतं, पोटातच. वर्षभरानं तिच्या जावेला मुलगा झाला. बारशाला अरूनं हौसेनं अंगडं-टोपडं शिवलं, आणि बाळाला पाळण्यात घालायच्या वेळी सासूनं चारचौघींत तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. "तू नको गं. तू जरा तिकडं थांब." दुसऱ्या दिवशी पोराला ताप भरला. सासूनं मीठ-मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. ठसका काही कुणाला लागला नाही, म्हणजे दृष्टच. आणि घरातल्या सगळ्या बायकांनी वळून अरूकडे पाहिलं. पोर आठवड्यात खडखडीत बरं झालं, पण तेव्हापासून कुणाचंही लेकरू समोर आलं की अरूचे हात आपोआप पाठीमागे जायचे. नवरा तसा भला, पण आईपुढे त्याचं तोंड कधी उघडलं नाही. हे तिनं मला एकदाच सांगितलं होतं, कांदा चिरता चिरता, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याबद्दल कुणी विचारायला नको.

काल बाजारातही तेच झालं होतं. टोमॅटो विकणारी एक विशीतली पोरगी होती, मार्ता नावाची, हे नंतर कळलं. तिच्या पाठीला शालीत बांधलेली सातआठ महिन्यांची पोर खांद्यावरून डोकावत होती. गालांवर उन्हानं चढलेली लाली, मनगटात लाल दोरा. अरू टोमॅटो निवडता निवडता थांबली आणि बघतच राहिली. "अगं बाई, अगं चिमणे, किती गं गोड तू," असं मराठीत सुरू झालं, आणि शालीतली पोर खुदकन हसली. मग अरू आणखी बघत राहिली. मार्तानं शालीची गाठ सोडून पोर पुढे घेतली आणि अरूसमोर धरली. अरूचे दोन्ही हात पाठीमागे गेले आणि ती दोन पावलं मागे सरली. मार्तानं पुन्हा पोर पुढे केली, काहीतरी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तेवढ्यात मावळलेलं मी पाहिलं. मला बेल्जियन आठवला. मी अरूची ओढणी धरून तिला तिथून काढलं. मागून मार्ता दोनदा हाका मारत होती.

म्हणून धक्क्यावर "तिच्यामुळे" हे ऐकलं तेव्हा माझ्या जिवाला एकदम दोन घोर लागले. ही माणसं आमचं काय करतील, हा एक. आणि अरूला हे समजलं तर तिचं काय होईल, हा दुसरा. पहिल्याला मी काही करू शकत नव्हते. दुसऱ्याला करू शकत होते, कारण स्पॅनिश मला येत होतं आणि तिला येत नव्हतं.

अरू बाटल्या घेऊन उतारावरून येताना दिसली. निळी ओढणी डोक्याला गुंडाळलेली. बायका तिच्याकडे वळल्या आणि तिच्याभोवती उभ्या राहिल्या.

"काय गं वृंदे, निरोप द्यायला आल्यात का सगळ्या?"

"हो. म्हणजे, घरी बोलावताहेत. जरा वेळ."

"आत्ता? लाँच जाईल की."

"थांबणार आहे म्हणे."

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. पहिलीपासूनची मैत्रीण, माझ्या आवाजाची पट्टी बदलली की तिला कळतं. "तुझ्या तोंडचं पाणी का पळालंय मग?"

मी उत्तर देण्याआधीच त्या तरुणानं वाकून आमच्या दोन्ही सॅका उचलल्या आणि एकेका खांद्यावर टाकल्या. माझा पासपोर्ट त्यातल्या एकीत होता. "अहो, अहो," मी मराठीत ओरडले. तो चढाला लागलासुद्धा.

आम्ही त्याच्यामागून निघालो. वाट कशीबशी दोन माणसं जातील एवढी, दोन्ही बाजूंना घरांच्या भिंती. अंगणात कॉफीच्या बिया वाळत घातलेल्या. प्रत्येक दारातून कोणी ना कोणी बघत होतं, आणि त्यातली काही माणसं मुकाट्यानं आमच्यामागे चालायला लागत होती. एकदा मागे वळून पाहिलं तर वीसेक तरी असतील. कुणाच्या हातात काही नव्हतं, मी नीट पाहिलं. पण दगडांना काय तोटा. वाटच दगडांची होती.

ती पन्नाशीची बाई माझ्या बाजूनं चालत होती. लोक तिला दोन्या चोना म्हणत होते. दोन्या म्हणजे आपल्याकडचं बाई. मी फोन काढून तिच्यापुढे धरला.

"बघा, एकही फोटो काढलेला नाही आम्ही. हातसुद्धा लावला नाही पोरीला. लांबूनच पाहिलं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "लांबूनच पाहिलं." फोनकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

"इथं पोलीस चौकी कुठे आहे?"

"पोलीस?" ती चालता चालता थांबली. "यात पोलिसांचं काय काम? हे आमचं आम्हीच करतो."

माझी पाचावर धारण बसली. मी अरूच्या कोपराला धरलं. ती म्हणाली, "बोलत का नाहीस? काय म्हणताहेत?"

"जेवायला घालणार आहेत."

"सकाळी सकाळी? खोटं बोलायचं तर जरा बरं तरी बोलावं."

तेवढ्यात दोन्या चोना पुन्हा बोलली. हळू, सुटं सुटं, मला समजावं म्हणून. रात्रभर पोर ओकते आहे. अंगात ताप आहे. एक डोळा बारीक झालाय. तिचा डोळा लागलाय पोरीला, निळ्या ओढणीवालीचा.

आपल्याकडे दृष्ट लागते, तसा स्पॅनिशमध्ये डोळा लागतो. मी एवढी परकी भाषा शिकले, व्याकरणाच्या परीक्षा दिल्या, आणि मला ऐकायला काय मिळालं तर अरूच्या सासूचं वाक्य. मला रडूच आलं. अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून, काळं कुत्रं ओळखत नाही अशा गावात आणून, मी माझ्या मैत्रिणीला परत त्याच घरात घेऊन चालले होते. हे तिला कळता कामा नये, एवढंच मनात राहिलं. मार खायची वेळ आली तर खाऊ, पण हे नको.

घर मातीच्या विटांचं होतं, वर पत्रा. आत अंधार आणि धूर. मधोमध चूल. चुलीपाशी एक खूप म्हातारी बाई बसली होती, आणि भिंतीशी, चटईवर, कालची मार्ता. तिच्या मांडीवर ती पोर. मी तिला ओळखलंच नाही. गालांवरची लाली गेली होती, ओठ सुकले होते, मान एका बाजूला पडली होती. उजवा डोळा खरंच अर्धवट मिटलेला होता. ती रडतसुद्धा नव्हती, नुसती कण्हत होती.

आमच्यामागून बायका आत आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. दारातला उजेड बंद झाला. सॅका घेऊन आलेला तरुण, बार्तोलो, तो पोरीचा बाप होता. तो अरूकडे बघत उभा राहिला.

म्हातारीनं कुणाला काही विचारलं नाही. तिनं मूठभर लाल सुक्या मिरच्या घेतल्या, उठली, पोरीच्या डोक्यापासून पायापर्यंत मूठ फिरवली, तोंडानं पुटपुटत. पुन्हा फिरवली. मग चुलीतल्या निखाऱ्यांवर मिरच्या टाकल्या.

मी श्वास रोखला. मिरच्या तडतडल्या, काळ्या पडल्या, धूर उठला. त्या बंद खोलीत आम्ही बारापंधरा माणसं होतो. कुणी खोकलं नाही. कुणाला शिंकसुद्धा आली नाही.

माझं सगळं भाषांतर, सगळी चतुराई चुलीत गेली.

"वृंदे," अरू म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "ठसका नाही लागला."

"अरू, ऐक..."

"पोरीला माझी दृष्ट लागलीय, असंच म्हणताहेत ना? वाटेत तेच सांगत होत्या ना त्या?"

तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक घट्ट अडकवले. मी तिच्या मागेच होते, मला तिची बोटं पांढरी पडलेली दिसत होती. "सांग त्यांना, मी जाते इथून. लगेच जाते. परत येणार नाही म्हणावं."

मी तसंच सांगितलं. "आम्हाला जाऊ द्या. ती निघून जाईल. पुन्हा तुमच्या पोरीच्या नजरेसमोर येणार नाही."

खोलीत एकदम गलका झाला. बार्तोलो दोन्ही हात आडवे करून दारात जाऊन उभा राहिला. "नाही! जायचं नाही!" हे त्यानं स्पॅनिशमध्ये म्हटलं, मला कळावं म्हणून. आता दगड, असं माझ्या मनात आलं. मी अरूला पाठीमागून कवटाळलं आणि डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. तिसऱ्या ओळीच्या पुढचं काही आठवेना.

"ऐक," दोन्या चोनानं माझा खांदा हलवला. "अगं, ऐक तर! गेली तर पोर मरेल. काल तशीच तर गेली. तिला म्हणावं, पोरीला घे."

"घे म्हणजे?"

"हातात घे. उराशी धर. काल माझ्या सुनेनं पोर पुढे केली, तिनं घेतली नाही. पुन्हा केली, तरी घेतली नाही. एवढी आवडली पोर तिला, आम्ही पाहिलं ना, सगळ्या बाजारानं पाहिलं. एखादीला एवढं आवडलं तर तिनं पोराला हात लावायचा असतो. डोक्याला, गालाला, कुठंही. न लावता गेली तर ते आवडणं पोरात तसंच अडकून बसतं. त्याचा ताप होतो. ज्याचं त्यानंच ते काढून न्यायचं. तुमच्याकडे बायकांना हे शिकवत नाहीत का?"

मी अरूला कवटाळलेले हात सोडले.

"काय म्हणतेय?" अरूनं विचारलं.

"तुला... तुला पोर घ्यायला सांगतेय. हातात."

अरूनं मान हलवली. हलवतच राहिली. "नाही. वेड लागलंय का? अगं ती कशी दिसतेय बघ. माझ्या हातात काही झालं म्हणजे?" ती भिंतीला जाऊन टेकली. मी तिला कधी भ्यालेलं पाहिलं नव्हतं. पुलावर नाही, दहावीच्या निकालाला नाही, दवाखान्यातही नाही. आता तिचे दात वाजत होते. "खरं सांग त्यांना. माझं मूल पोटात गेलं, सांग. माझ्या हातात पोर देऊ नका, सांग. माहीत नाही म्हणून देताहेत."

हे मला सांगावं लागलं. शब्द सापडत नव्हते, पोटावर हात ठेवून सांगितलं. दोन्या चोनानं ते म्हातारीला त्यांच्या भाषेत सांगितलं. म्हातारीनं अरूकडे डोळे बारीक करून पाहिलं. मग दोनच वाक्यं बोलली, चिडल्यासारखी. दोन्या चोनानं मला सांगितली आणि मी अरूला.

"त्या म्हणताहेत, तिला मूल नाही म्हणून तर तिचा डोळा जड. जड म्हणजे वाईट नव्हे, कुणी सांगितलं तुम्हाला वाईट?"

"परत सांग."

"जड आहे. वाईट नाही. ओझं आहे, ते उतरवायचं."

"वाईट नाही म्हणाल्या? नक्की? तू आपल्या पदरचं घालत नाहीयेस ना?"

"माझ्या आईची शपथ."

अरूनं हात पुढे आणले. ओढणीला पुसले, पुन्हा पुसले. मार्ता उठली आणि तिनं कालच्यासारखीच पोर पुढे केली. अरूनं ती घेतली. ज्या माणसाच्या हातात वर्षानुवर्षं कुणी मूल दिलेलं नाही, त्याला ते कसं धरायचं हे कळत नाही. मार्तानंच तिचा डावा हात उचलून पोरीच्या मानेखाली ठेवला.

पोरीनं कण्हणं थांबवलं. मला वाटलं, संपलं. बार्तोलो दारातून पुढे आला. खोलीत चुलीचा आवाज तेवढा येत होता. अरूनं तिच्या नाकापाशी गाल नेला आणि तसाच धरून ठेवला.

"श्वास आहे," ती म्हणाली. "भट्टीसारखी तापलीय गं. वृंदे, हिला दवाखान्यात न्यायला हवं. हे सगळं ठीक आहे, पण दवाखाना. कुठे आहे विचार."

विचारलं, तर दोन्या चोना माझ्यावरच डाफरली. "मग लाँच कुणासाठी थांबवलीय? पलीकडे सरकारी दवाखाना आहे, तिकडेच तर चाललोय. पण आधी हिनं धरायला नको? पोरीत ते तसंच राहिलं तर डॉक्टरचं औषध लागेल का? चला आता, वारा सुटायच्या आत. आणि तिला सांग, पोर खाली ठेवायची नाही."

आम्ही त्याच वाटेनं खाली धावत सुटलो. सॅका अजून बार्तोलोच्याच खांद्यावर होत्या. लाँचमधल्या माणसांनी मधली फळी रिकामी करून दिली. तिथं अरू बसली, एका बाजूला मार्ता आणि दुसऱ्या बाजूला मी. समोर दोन्या चोना.

वारा आमच्या आधीच सुटला. त्या तळ्यावर रोज दुपारकडे एक वारा उठतो आणि सकाळी आरशासारखं असलेलं पाणी खवळतं. शहाणी माणसं त्याआधी काठ गाठतात. आम्हाला उशीर झाला होता. मध्यावर आल्यावर लाँच उचलली जाऊन पाण्यावर आपटायला लागली. दर आपटण्यासरशी मणके खिळखिळे होत होते. पाणी अंगावर येत होतं. कोंबड्या कालवा करत होत्या. सगळ्यांनी मिळेल ती कड, दोरी, फळी धरली होती. अरूचे मात्र दोन्ही हात पोरीभोवती होते. मी एका हातानं लाँचची कड आणि दुसऱ्या हातानं अरूची कंबर धरली आणि यच्चयावत देव पाण्यात घातले. मला पोहता येत नाही. अरूला येतं, पण पोर धरून कोण पोहणार?

"सोडू नकोस हं मला," ती ओरडली.

"नाही सोडत!"

एक लाट आडवी आली. लाँच कलली, कोंबड्यांची पाटी घसरत गेली आणि आम्ही तिघी एकमेकींवर कोसळलो. मी किंचाळले. मार्ता किंचाळली. त्या गदारोळात पोरगी अरूच्या छातीवर भडाभडा ओकली आणि मोठ्यानं रडायला लागली. कालपासून पहिल्यांदा. अरू तिला आणखी घट्ट आवळून धरत म्हणाली, "रड गं माझे बाई, रड, चांगली रड." स्वतःही रडत होती. वाऱ्यात तिचं मराठी ऐकून मार्ता त्यांच्या भाषेत तेच काहीतरी म्हणत होती, मला खात्री आहे.

दवाखान्यातली नर्स पोर घ्यायला आली तेव्हा अरूचे हात सुटेनात. मुद्दाम नव्हे, ते आखडले होते. मी आणि मार्तानं मिळून तिची बोटं सोडवली. पोरीला सलाइन लावलं. बरंच पाणी गेलंय अंगातलं, वेळेत आणलीत, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर ओल्या कपड्यांनी बसून राहिलो. मी अरूला विचारलं, "भूक लागलीय का?" तर तिनं ओढणीचा ओकारीनं भरलेला पदर नाकाशी नेला आणि मान हलवून नाही म्हणाली. प्रत्येक वेळी दार वाजलं की तिचा चेहरा उतरत होता. मला कळत होतं ती काय ऐकायच्या तयारीत बसली होती.

ऊन उतरल्यावर मार्ता पोरीला घेऊन बाहेर आली. ताप उतरला होता. दोन्ही डोळे सारखे उघडे होते आणि ती आईच्या पोलक्याला तोंडानं झोंबत होती, भुकेजलेली. मार्ता आमच्याच बाकावर, अरूशेजारी बसून तिला पाजायला लागली. अरूनं एकदा पोरीकडे पाहिलं आणि दुसरीकडे मान वळवली. तिचे हात पुन्हा पाठीमागे जायला निघालेले मी पाहिले.

ते दोन्या चोनानंही पाहिलं. ती आमच्यासमोर येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"तिला विचार," ती मला म्हणाली. "संपलं का?"

"काय संपलं का?"

"आवडणं."

मी अरूकडे वळले. त्या दिवशी पहिल्यांदाच मला काही लपवायचं नव्हतं. "त्या विचारताहेत, पोरगी आवडायची संपली का तुला?"

अरू त्या पोरीकडे बघत राहिली. पोट भरून ती आता झोपेला आली होती, ओठांच्या कडेला दुधाचा थेंब होता.

"नाही," ती म्हणाली. "नाही संपलं म्हणावं."

मी सांगितलं.

दोन्या चोनानं कपाळावर हात मारला आणि सुनेला काहीतरी म्हणाली. मार्ता बाकावर सरकली, आणि तिनं झोपलेली पोर उचलून अरूच्या मांडीवर ठेवली.